वैजनाथचा खरा फोटो

गाईंना रविवार कळत नाही, म्हणून वैजनाथला कधी सुट्टी नसे. पण त्या रविवारी त्यानं धारा लवकर उरकल्या, दूध डेअरीवर घातलं आणि ऊन वर यायच्या आत अंगणातल्या पालथ्या क्रेटवर, गळ्याभोवती जुनं धोतर गुंडाळून मुकाट येऊन बसला. समोर त्याची आई झुंबरबाई एका चेपलेल्या वाटीत काळी पूड कालवत होती. कोल्हारकडची मुलगी पाहायला जायचं होतं.

कुंपणापलीकडून शेजारणीनं पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. विचारण्यासारखं राहिलंय काय? पाथर्डीच्या पुढच्या या कोरड्या पट्ट्यात, वैजनाथच्या बोरमाळसारख्या गावागावांत लग्नाचे मुलगे तिशी ओलांडून बसले आहेत. मुलगी पाहायला जायचं म्हटलं की आदल्या दिवशी जीप धुवायची आणि त्या दिवशी मुलाचं डोकं रंगवायचं, असा आता रिवाजच पडला आहे. पूर्वी पाहुण्यांपुढे बसवताना मुलीच्या तोंडावर पावडर थापायचे. आता मुलाला कलप लावतात. काळ बदलला म्हणून कुणाला समाधान मानायचं असेल तर त्यानं खुशाल मानावं.

वैजनाथ अडतीस वर्षांचा होता. बायोडाट्यात एकतीस लिहिलं होतं. त्याचे केस तर पंचविशीतच पिकायला लागले होते, अगदी त्याच्या वडिलांसारखे. वडिलांचं मात्र त्यापायी काही अडलं नव्हतं. डोकं पांढरं, जमीन जिरायत, स्वभाव तापट, तरी त्यांना झुंबरबाई मिळाली, कारण त्या काळी घरोघर मुली होत्या. ते वारून आता बरीच वर्षं झाली. घरात मायलेक दोघंच.

"आये, मागल्या बारीला डोळं मिटून गेलं हुतं माझं," वैजनाथ म्हणाला.

"ती पुडी खराब हुती. ही दुसरी हाय."

"सगळ्या एकच असत्यात."

"गोळी घेतली न्हवं का? मग गप बस. मिशीला पन लावू दे, आन् भुवईला बी. मागं तेवढ्यावरनंच वळाकलं लोकांनी."

गोळीची भानगड अशी. पहिल्यांदा कलप लावला तेव्हा वैजनाथच्या कानामागे नुसती खाज आली. पुढच्या वेळी कपाळाच्या कडेनं पुरळ उठलं आणि त्यातून पाणी सुटलं. त्याच्या पुढच्या वेळी दोन्ही डोळे सुजून मिटले आणि मुलीकडच्यांना मधमाशी चावल्याचं सांगावं लागलं. शहाण्या माणसानं पुडी उकिरड्यावर फेकली असती. झुंबरबाईनं मेडिकलमधून खाजेची गोळी आणली. आधी गोळी घ्यायची, मग कलप लावायचा, की खाज उठतच नाही, असा शोध तिनं लावला होता आणि लग्नाचे मुलगे असलेल्या आणखी दोन-चार घरी तो मोठ्या हौसेनं सांगितलाही होता. खाज म्हणजे अंगानं मारलेली हाक. ती गोळीनं दाबली म्हणून आतला बिघाड थांबत नाही, हे त्या बाईला सांगणारं कुणी नव्हतं असं नाही. सांगणारे दोघे होते. दोघांचंही तिनं ऐकलं नाही.

एक पाथर्डीतला फोटोवाला स्टीफन. बायोडाट्यासाठी फोटो काढायला मायलेक त्याच्याकडे गेले होते. त्यानं फोटो काढला, संगणकावर घेतला आणि झुंबरबाईच्या सांगण्यावरून केस काळे केले, डोळ्यांखालच्या सुरकुत्या पुसल्या. त्याच्या दुकानात हे रोजचंच होतं. पडद्यावर स्वतःचं तरुण तोंड पाहून वैजनाथ लाजून हसला आणि सहज बोलून गेला, "डोक्यावर बी असं करता आलं असतं तर बरं झालं असतं. कलपानं लई खाज सुटती."

स्टीफननं हातातला माऊस सोडला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांच्या पेरांवरची कातडी जाड होऊन चिरली होती.

"हे बघा. नगरला कलर लॅबमध्ये होतो मी. रोल धुवायचे दिवस होते ते. डेव्हलपरच्या टाकीत उघडे हात घालायचो. पहिली काही वर्षं काहीच झालं नाही. मग खाज आली, मग फोड. शेवटी तर नुसतं टाकीजवळ उभं राहिलं तरी हात सुजायचे. डॉक्टर म्हणाले, काम सोड, नाहीतर हात सोड."

"पन फोटोच्या औषधाचा आन् कलपाचा काय संबंध?"

"एकाच कुळीतले आहेत दोघं. पॅराफेनिलीनडायअमीन असं लांबलचक नाव आहे. पुडीवर बारीक अक्षरांत पीपीडी लिहिलेलं असतं, वाचतो कोण? मूळची पांढरट भुकटी, हवा लागली की काळवंडत जाते. त्याच घराण्यातलं औषध रंगीत फोटो उमटवायला वापरायचे, कातडं आणि लोकर रंगवायला वापरतात, आणि हे तुमचे केस. पोटात गेलं तर जहर आहे. नुसतं लावून पुष्कळांना काही होत नाही. पण ज्याच्या अंगानं एकदा त्याच्याशी वैर धरलं, त्याचं अंग ते पुन्हा विसरत नाही. दर वेळी आधीपेक्षा जास्त. आज कान, उद्या डोळे, परवा गळा. वैजनाथभाऊ, तुम्ही परत लावू नका."

झुंबरबाई उठून उभी राहिली. "लगीन झाल्यावर न्हाई लावनार. आता पोटो काळा आन् डोकं पांढरं, असं कसं चालंल?"

स्टीफननं पुन्हा माऊस हातात घेतला. फोटो त्यानंच काळा केला होता. तो फोटो मोबाईलवरून चार तालुक्यांत फिरला, आणि त्या फोटोसारखं दिसायचं काम वैजनाथच्या डोक्यावर येऊन पडलं.

दुसरी सांगणारी होती पंकजा, वैजनाथची थोरली बहीण. ती तिसगावकडे दिलेली होती आणि तिथे आशाताई म्हणून घरोघर आरोग्याचं काम करायची. भावाचे सुजलेले डोळे पाहून ती आईवर संतापली होती.

"खरं वय लिही की कागदावर. मिळाली तर मिळंल बायको, न्हाई मिळाली तर ऱ्हाईल तसाच. पन त्याला असा रंगवत बसू नगं."

"तुझा संसार झाला. तुला काय जातंय बोलायला?"

तेव्हा पंकजानं त्या घरात कुणी कधी न बोललेली गोष्ट बोलून दाखवली. "माझ्या दोघी बहिनी तू येऊ दिल्या असत्या, आये, तर कुनाच्या तरी घरात आज दोन सुना असत्या. सगळ्यांनी तेच केलं. आता पोरी कुठनं आनायच्या?"

गोष्ट खरी होती. वैजनाथनंतर झुंबरबाईला पुन्हा दिवस गेले तेव्हा नवऱ्यानं आणि सासूनं तिला शहरात नेऊन मशीनवर तपासलं. मुलगी होती. झुंबरबाई रिकाम्या पोटानं एसटीतून परत आली आणि वाटभर रडली. पुढच्या खेपेलाही मुलगीच निघाली. त्या वेळी ती रडली नाही. तिनंच सासूला सांगितलं, चला, लवकर आटपून येऊ, घरी भाकरी करायच्या राहिल्यात. माणूस दगड होतो तो असा, एकेक फेरीनं. त्या दिवशी मात्र लेकीच्या तोंडून ते ऐकताना तिला सोसलं नाही. तिनं पंकजाशी बोलणं टाकलं, आणि वैजनाथसाठी कुठे मुलगी पाहायला जायचं असलं तर पंकजाला कळूही द्यायचं नाही असं ठरवून टाकलं.

तर त्या रविवारी कलप डोक्यावर एरवीपेक्षा जास्त वेळ ठेवला गेला, चांगला चढावा म्हणून. मग रंग उतरू नये म्हणून वैजनाथनं डोकं वरवरच धुतलं, नवा सदरा घातला, आणि छगनची जीप दारात आली. छगन पाथर्डीचा, लग्नं जमवणं हाच त्याचा उद्योग. त्याला वय एकतीस सांगितलं होतं. त्याला ते खरं वाटत होतं की नाही देव जाणे. अशा गोष्टी माहीत नसणं हेच मध्यस्थाच्या सोयीचं असतं.

नगर मागे पडलं तेव्हा वैजनाथचं कपाळ ताणल्यासारखं झालं होतं. कोल्हारजवळच्या वस्तीवर पोचेपर्यंत एका पापणीवर सूज आली. झुंबरबाईनं ती पाहिली आणि पदरानं त्याचं तोंड पुसल्यासारखं केलं. "ऊन लागलंय," ती छगनला म्हणाली.

मुलीचं नाव ज्योती. वय वीस, बारावी झालेली. तिचा बाप कानिफनाथ दुसऱ्यांच्या उसाला पाणी देण्याच्या कामावर होता. बापडा साधा माणूस, पाहुण्यांना पाय धुवायला त्यानं स्वतः पाणी आणून दिलं. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण विचारून झालं, आणि हल्लीच्या पद्धतीप्रमाणे मुलामुलीला दोन शब्द बोलायला घरामागे हौदापाशी पाठवलं.

वैजनाथ हौदाच्या कडेला टेकला. मग एकदम म्हणाला, "मी अडतीस वर्सांचा हाय. कागदावर खोटं लिहिलंय. केस बी रंगवल्यात."

ज्योतीनं पहिल्यांदा मान वर केली. "मला वाटलंच हुतं. तुमच्या आधी दोघं येऊन गेले. त्यातलं कुनी सांगितलं न्हाई."

"तुमी नकार द्या. मी सांगितलं म्हनून सांगू नका. नुसतं पसंत न्हाई म्हना. आईला लई आशा हाय, पन तुमच्या जन्माचं वाटोळं कशाला?"

"तुमचा डोळा सुजायलाय," ती म्हणाली. "कलपानं का? माझ्या आत्याला झाल्तं असं. हितं पानी हाय, डोकं धुवून घ्या. साबन आनून देऊ का?"

वैजनाथनं हौदाकडे पाहिलं. डोकं धुतलं की काळं पाणी मानेवरून सदऱ्यावर उतरणार होतं, पाहुण्यांसमोर, छगनसमोर, आईसमोर. तेवढ्यात घरातून झुंबरबाईची हाक आली, "झालं का रं बोलून?"

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि परत फिरला. धुतल्यानं तो वाचलाच असता असं नव्हे. पण त्या हौदापाशी खरं उघडं पडलं असतं, आणि खरं उघडं पडलं असतं तर दवाखाना वेळेत गाठला असता. लाजेपायी माणसं काय काय सोसतात, याला सुमार नाही.

परतीच्या वाटेवर चेहरा फुगत गेला. ओठ जाड झाले. आरशातून मागे पाहताना छगन दचकला. "आक्का, ह्याला झालंय तरी काय? तोंड बघा की."

कलपाचं सांगावं तर वय फुटणार. त्याहून वाईट म्हणजे पोराला काही रोग आहे अशी आवई उठणार, आणि छगनच्या तोंडून ती चार तालुक्यांत जाणार. झुंबरबाईनं क्षणात ठरवलं. "दाढ हाय. लई दिसांची दुखती. अधनंमधनं सुजती अशी."

छगन बिचारा भला. वाटेतल्या एका गावात त्यानं आपण होऊन जीप दवाखान्यापाशी उभी केली आणि स्वतः आत आला. डॉक्टरनं तोंड पाहिलं आणि विचारलं, "काही लावलंत का? नवीन काही खाल्लं? काही चावलं?"

वैजनाथनं बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच आई म्हणाली, "काय न्हाई. दाढच हाय त्याची."

वैजनाथनं आईकडे पाहिलं, शेजारी उभ्या छगनकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. परक्या मुलीला खरं सांगण्याचं धाडस त्याला झालं होतं. आईला चारचौघांत खोटं पाडणं त्याला जमलं नाही. डॉक्टरनं दाढेच्या सुजेचं इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या आणि बरं वाटलं नाही तर मोठ्या दवाखान्यात जा म्हणून बजावलं.

मोठे दवाखाने नगरला रस्त्याच्या दोन्ही अंगांना होते. जीप त्यांच्या पाट्यांखालूनच गेली. वैजनाथनं आईचा हात धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आये, गळा आवळतोय."

"घरी गेल्यावर कोमट पानी देते," ती त्याच्या कानाशी कुजबुजली. "हितं थांबलो तर ह्यो छगन इचारीत बसंल. उद्या त्या लोकांचा फोन येईल, तवर कळ काढ लेका."

करंजीच्या घाटात त्याचा आवाज गेला. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि नखं निळी पडली. तेव्हा कुठे झुंबरबाईची पाचावर धारण बसली. इतके महिने जिच्याशी बोलणं टाकलं होतं त्या लेकीला तिनं फोन लावला.

"दाढ?" पंकजा ओरडली. "आये, कलप लावला का? खरं सांग. लावला का?"

उत्तराआधीच पंकजाला फोनमधून तो शिट्टीसारखा श्वास ऐकू आला.

"फोन छगनमामाकडं दे. मामा, गाडी मागं फिरवा. नगरला चला. दाढ न्हाई ती. कलपाचं हाय. मी ॲम्ब्युलन्सला फोन करते, ती आडवी येईल तुमाला."

छगननं घाटातच जीप वळवली. ॲम्ब्युलन्स भेटली, ऑक्सिजनची नळी लावली, दिवे लावून गाडी पळाली. दवाखान्याचं फाटक दिसत असताना वैजनाथ गेला. सूर्य अजून मावळला नव्हता.

"गळा आतून सुजून बंद झाला," तिथले डॉक्टर म्हणाले. "अशा माणसाला वेळेवर इंजेक्शन मिळालं तर बहुतेक वेळा वाचवता येतं. काय लावलं होतं ते आधी कुणी सांगितलं का नाही?"

याचं उत्तर ज्या बाईपाशी होतं ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती.

गावात बातमी पसरली ती दाढेचं विष अंगात भिनल्याची. छगननं ती तशीच राहू दिली. त्याला आपला धंदा होता. झुंबरबाईनं ती तशीच राहू दिली, कारण तिच्या तोंडातून शब्दच फुटत नव्हता. पंकजा बोलायला गेली तर चुलत्यांनी तिला गप्प केलं, आता मेलेल्या माणसाची शोभा करू नको म्हणून. तिरडीवर वैजनाथचे केस काळेभोर दिसत होते. "किती तरना गेला गं," बायका हळहळल्या. खोटं किती पक्कं बसलं होतं पाहा, सरणावरदेखील ते उतरलं नाही.

दहावा व्हायच्या आधी एका दुपारी कानिफनाथ दारात येऊन उभा राहिला. कोल्हारहून एसटी बदलत बदलत आला होता. टोपी काढून ओट्याच्या कडेला बसला.

"माझ्या पोरीनं पाठवलंय, बाई," तो म्हणाला. "ती म्हनली, त्या मानसानं मला खरं वय सांगितलं. नकार दे म्हनला. डोकं धुवा म्हनलं तर ऱ्हाऊ द्या म्हनला. तवापास्नं पोरगी नीट जेवली न्हाई. मी साबन आनायला पाहिजे हुता, असंच म्हनत बसती. आमी कुनापाशी बोललो न्हाई. पन तुमाला सांगायला पाहिजे हुतं."

झुंबरबाई त्याच्याजवळ सरकली. "माझ्या वैजूनं सांगितलं? त्याच्या तोंडानं?"

"व्हय, बाई."

मग ती रडली. मुलगा गेल्यापासून रडली नव्हती ती आता हंबरडा फोडून रडली, गल्लीतल्या बायका धावत आल्या इतकी. "त्यो खरा हुता गं. मीच त्याला खोटा केला. दाढ न्हाई, काय न्हाई. कलपानं मेला. मीच लावला कलप ह्या हातानं, आन् डॉक्टरला बी मीच खोटं सांगितलं." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांतल्या दोघींनी तिच्याकडूनच गोळीचा शोध शिकून घेतला होता.

आमच्याकडे माणूस गेला की चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. वर मोठा फोटो, खाली जन्म-मृत्यूच्या तारखा, आणि अगदी तळाला 'शोकाकुल' म्हणून नातेवाइकांची नावं. वैजनाथचा फ्लेक्स तरुण मंडळानं स्टीफनकडे छापायला टाकला होता आणि त्यासाठी छगननं आपल्या मोबाईलमधला बायोडाट्याचा फोटो पाठवला होता. जन्मसालही त्यातलंच. पंकजाच्या तोंडून हे कळलं तशी झुंबरबाई उठली. सुतकात आईनं गावाबाहेर पाऊल टाकायचं नसतं. चुलते आडवे आले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकीचा हात धरून ती पाथर्डीच्या एसटीत बसली.

स्टीफन तिला पाहून उठून उभा राहिला. पडद्यावर तो काळ्या केसांचा फोटो होता.

"ह्यो काढ," झुंबरबाई म्हणाली. "ह्यो माझा पोरगा न्हवं. तू आदी काढलेला, पांढऱ्या केसांचा, त्यो हाय का तुझ्यापाशी?"

होता. स्टीफननं तो पुसला नव्हता. करड्या-पांढऱ्या केसांचा, डोळ्यांखाली सुरकुत्या असलेला, थोडा संकोचलेला वैजनाथ पडद्यावर आला आणि दोघी मायलेकी एकमेकींना बिलगल्या. स्टीफनचेही डोळे भरले. "मावशी, माझंही चुकलं," तो म्हणाला. "आता यापुढे या दुकानात कुणाचे केस काळे होणार नाहीत."

"जन्मसाल खरं घाल. आन् खाली लिही, कलपाची ॲलर्जी हुऊन गेला. दाढ न्हवं."

स्टीफननं लिहिलं. मग 'शोकाकुल'खाली आला. आई झुंबरबाई. बहीण पंकजा.

"अजून दोघी हायेत," झुंबरबाई म्हणाली.

पंकजानं चमकून आईकडे पाहिलं.

"त्याच्या पाठच्या दोन बहिनी. त्या असत्या तर राखी बांधली असती त्याला. आज रडल्या असत्या."

स्टीफनचे हात कळफलकावर थांबले. "नावं काय लिहू, मावशी?"

"नावं ठेवलीच न्हाईत रं," ती म्हणाली. "बहीन म्हनून लिही, आन् पुढं जागा सोड."

फ्लेक्स चौकात लागला त्याच संध्याकाळी छगन आला. सोबत मंडळाची चार पोरं. "आक्का, दुःख आमालाबी हाय. पन हे असं चौकात? पुढच्या रविवारी तुमच्याच गावातल्या एका पोराला पाव्हनं बघायला यायचेत. हे वाचून कोन पोरगी देईल ह्या गावात? उतरवा ते. घरात लावा पाहिजे तर."

"त्या पोराचं डोकं कोन रंगवनार हाय?" झुंबरबाईनं विचारलं.

त्या पोराची आई मागे बायकांत उभी होती. ती बायकांच्या आड सरकली.

"उतरवायचा आसंल तर आधी मला उतरवा," झुंबरबाई म्हणाली आणि फ्लेक्सच्या बांबूला पाठ लावून खाली बसली. छगननं हात टेकले. पोरं पांगली.

पंकजा त्या आठवड्यात बोरमाळमध्येच राहिली. लग्नाचा मुलगा असलेल्या प्रत्येक घरी ती गेली. कलप लावायचाच असेल तर आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस पाहायचं, एकदा जरी खाज आली असेल तर पुन्हा हात लावायचा नाही, गोळी घेऊन तर मुळीच नाही, सूज आली तर डोकं भरपूर पाण्यानं धुवायचं आणि डॉक्टरला खरं सांगायचं, हे ती घरोघर सांगत होती. काहींनी ऐकलं. काहींनी दार ओढून घेतलं. आणि जिथे सुनेला दिवस गेले होते अशा घरी ती दुसरंही काही बोलली. तिथली दारं जरा जोरात लागली. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

रविवारी पाहुणे आले. त्यांची जीप चौकात थांबली. घर विचारायला एक म्हातारा गृहस्थ खाली उतरला आणि फ्लेक्स पाहून उभा राहिला. त्यानं तो वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. बांबूशी बसलेल्या झुंबरबाईला त्यानं विचारलं, "बाई, ह्या खालच्या दोन नावांची जागा कोरीच ऱ्हाईली. छापायची ऱ्हाईली का?"

"न्हाई बाबा," झुंबरबाई म्हणाली. "त्या माझ्या लेकी हायेत. तपासून आल्यावर पाडल्या मी. तुमच्या गावात कुनाकुनाच्या हायेत, ते जाऊन इचारा."

म्हाताऱ्यानं वळून जीपकडे पाहिलं. जीपमध्ये मागे त्याची बायको बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि मान दुसरीकडे वळवली.